गर्भिणी परिचर्येत सौमनस्याचे स्थान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 25 व्या अध्यायात, गर्भधारणेस साहाय्यक अशा भावांत सौमनस्य श्रेष्ठ मानले आहे. प्रत्येक गर्भिणीस आपण हे सांगतो. मात्र ते सांगताना चिकित्सकाकडून दोन प्रमाद संभवतात.

काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातील एक प्रथम गर्भिणी सासूबाईंसह आमच्याकडे आली. डोके दुखते, झोप लागत नाही, अशी तक्रार होती. ''सारखा विचार करत बसते,'' असे सासूबाई म्हणाल्या. आम्हीही ते ग्राह्य धरून शिरोभ्यंग सांगण्याच्या बेतात होतो. रक्तदाब पाहिला तो 150/100. पुन्हा पाहिला, तरी तोच. चेहऱ्यावर शोथ होता, मूत्रात प्रथिने आढळली. तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठविले.

शारीर लक्षणाचा भार मनावर टाकणे, हा पहिला प्रमाद. 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 वा अधिक असणे, तीव्र शिरःशूल, अंधुक दिसणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना, योनिगत रक्तस्राव किंवा गर्भाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास गर्भिणीस त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. रक्तदाब 160/110 असल्यास ती आत्ययिक अवस्था होय.

सुखरूप प्रसूतीनंतर ती भेटावयास आली, तेव्हा तिने विचारले, ''डॉक्टर, मी फार काळजी केली, म्हणूनच हे झालं ना?'' दुसरा प्रमाद आम्हांस तेव्हा उमगला. 'आनंदी राहा' हा आमचाच उपदेश तिने आरोपासारखा मनात बाळगला होता. या व्याधीचे मूळ प्रामुख्याने अपरेच्या रक्तवाहिन्यांच्या घडणीत असते; तो मातेचा अपराध नव्हे. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणे हीदेखील चिकित्साच आहे.

म्हणून प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजावा आणि गर्भिणीशी काही क्षण एकांतात बोलावे. झोप, भूक, प्रसूतीची भीती, घरातील वागणूक यांविषयी विचारावे. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा झाल्याचे ती बोलल्यास तो तत्काळ घ्यावा व तिला एकटे सोडू नये. 2022 पासून 'टेलिमानस'ची 14416 ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

काठोकाठ भरलेले तैलपात्र हिंदकळू न देता न्यावे, तसा गर्भिणीचा उपचार करावा, असे चरकाचार्य शारीरस्थानात सांगतात. ही आज्ञा गर्भिणीस नसून तिची परिचर्या करणाऱ्यांस आहे. तिच्या सौमनस्याचे उत्तरदायित्व प्रथम आपले आणि तिच्या कुटुंबीयांचे आहे.