एका चित्रकार्डाची किंमत

अमेरिकेतील संग्राहक ज्यास ‘टी-२०६ वॅगनर’ या नावाने ओळखतात, ती वस्तू म्हणजे जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून किंचित अधिक उंच असा पुठ्ठ्याचा एक तुकडा आहे. नारिंगी पार्श्वभूमीवर एका बेसबॉलपटूचे छातीपर्यंतचे चित्र, खाली त्याचे आडनाव व गाव, आणि पाठीमागे सिगारेटची जाहिरात. ऑगस्ट २०२२ मध्ये या कार्डाची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकली गेली. ती प्रत काही उत्तम स्थितीत नव्हती. प्रतवारी करणाऱ्या संस्थेने तिला दहापैकी अवघे दोन गुण दिले होते.

ही कार्डे मुळात विकण्यासाठी छापलेलीच नव्हती. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून अधिक कार्डांची ही मालिका काढली आणि ‘स्वीट कॅपोरल’, ‘पीडमाँट’ इत्यादी सिगारेटींच्या पाकिटांत एकेक कार्ड घातले. त्यामुळे मऊ पाकिटाला ताठपणा येई आणि गिऱ्हाइकाला पुढचे पाकीट घेण्याचा मोह होई. काडेपेट्यांवरील चित्रे जमविणाऱ्या आपल्याकडील मुलांना हा छंद परका वाटणार नाही.

होनस वॅगनर हा पिट्सबर्ग संघाचा श्रेष्ठ खेळाडू. १९३६ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी ज्या पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली, त्यांत तो होता. आपले चित्र सिगारेटींबरोबर वाटण्यास त्याने हरकत घेतली आणि त्याच्या कार्डाचे वितरण थांबले. ही हरकत कशासाठी, याविषयी मतभेद आहेत. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये असे त्याला वाटले, असे एक मत; योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून तो अडून बसला, असे दुसरे. वॅगनर स्वतः तंबाखू चघळत असे आणि त्याचे चित्र सिगारच्या वेष्टनांवरही आलेले होते. तेव्हा पहिले मत जसेच्या तसे स्वीकारणे कठीण जाते. उलट, १९१२ मध्ये ‘द स्पोर्टिंग न्यूज’ने छापलेल्या हकिकतीप्रमाणे, त्याची संमती मिळवून देण्यासाठी एका क्रीडापत्रकाराला १० डॉलर मिळायचे होते, वॅगनरने संमती तर नाकारलीच, परंतु त्या गृहस्थाचे नुकसान नको म्हणून १० डॉलरांचा धनादेश त्याला स्वतःकडून पाठविला. निव्वळ पैशासाठी अडणारा मनुष्य असे करील, हेही पटत नाही.

या कार्डाच्या आज पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत. परंतु केवळ दुर्मिळतेने भाव चढतो असे समजू नये. याच मालिकेत ज्यो डॉइल या खेळाडूचे, संघाच्या नावात छपाईची चूक झालेले एक कार्ड आहे. ते वॅगनरच्या कार्डाहूनही विरळा आढळते; तरी त्याला वॅगनरची किंमत आलेली नाही. डॉइलचे नाव संग्राहकांपलीकडे फारसे कोणी जाणत नाही. वॅगनरच्या कार्डामागे मात्र थोर खेळाडू आहे आणि त्याच्या नकाराची कथाही आहे.

याच्या उलट उदाहरण १९५२ सालच्या मिकी मँटलच्या कार्डाचे. च्युइंग गमबरोबर कार्डे देणाऱ्या ‘टॉप्स’ कंपनीने त्या वर्षीची शेवटची कार्डे हंगाम सरत आला असताना बाजारात आणली आणि ती खपली नाहीत. १९६० मध्ये गोदामात जागा करण्यासाठी आपण ती बार्जमध्ये भरून अटलांटिक महासागरात टाकून दिली, असे कंपनीचे अधिकारी साय बर्जर सांगत असत. एवढे होऊनही मँटलचे कार्ड वॅगनरच्या कार्डापेक्षा पुष्कळच अधिक संख्येने उपलब्ध आहे. तथापि २०२२ च्या त्याच ऑगस्ट महिन्यात त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरांना गेली, आणि ही त्या वेळेपर्यंत कोणत्याही क्रीडावस्तूला आलेली सर्वाधिक किंमत होती. १९९१ मध्ये तीच प्रत ५० हजार डॉलरांना विकली गेली होती. तिला दहापैकी साडेनऊ गुण होते, आणि तिच्या किमतीचे रहस्य येथेच आहे.

गुण देताना चार कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चौकटीतील चित्राचे स्थान तपासतात. मग कार्ड क्रमांकासह पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनात कायमचे बंद केले जाते. यापुढे खरेदीदार कार्ड हाती धरीत नाही; तो वेष्टनावरील आकडा विकत घेतो. एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलू शकते, आणि प्रतवारीचे शुल्क भरणारा कार्डाचा मालकच असतो, ही गोष्ट या व्यवसायाचा विचार करताना विसरता येत नाही.

ही पद्धती जिच्यामुळे प्रतिष्ठा पावली, ती वॅगनरचीच एक प्रत. १९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने ती २५ हजार डॉलरांना घेतली. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी सॉदबीच्या लिलावात तिला ४ लाख ५१ हजार डॉलर मोजले. त्याच वर्षी ‘पीएसए’ या नव्या प्रतवारी संस्थेने तिला आठ गुण देऊन आपला पहिला क्रमांक बहाल केला. २००७ मध्ये तिची किंमत २८ लाख डॉलरांवर गेली. इतके जुने कार्ड इतके रेखीव कसे, अशी कुजबुज मात्र सतत चाललेली होती. अखेर २०१३ मध्ये लिलावातील गैरव्यवहाराच्या खटल्यात मॅस्ट्रोने गुन्हा कबूल केला आणि त्याबरोबरच या कार्डाच्या कडा आपण कातरल्या होत्या हेही मान्य केले. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांचा कारावास झाला. कातरलेल्या कार्डाला कोणताही गुण मिळू नये, असा या व्यवसायाचा प्राथमिक नियम आहे. त्या नियमाने पाहता, वर्षानुवर्षे अव्वल मानलेली ही प्रत दोन गुणांच्या झिजलेल्या प्रतीहूनही खाली बसते.

‘टी-२०६’ हे नाव ज्याच्या सूचिग्रंथातून आले, त्या जेफरसन बर्डिकची दृष्टी अगदी निराळी होती. सिरॅक्यूज येथील कारखान्यात काम करणाऱ्या या संधिवाताने पीडित गृहस्थाने तीन लाखांहून अधिक छापील वस्तू जमविल्या, आणि वॅगनरच्या कार्डासह तो संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विनामूल्य दिला. त्यानंतरची अनेक वर्षे, १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो संग्रहालयात बसून ही कार्डे अल्बममध्ये लावीत होता. हे काम तो डिंकाने करी.