अंगणातील तेरडा

सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात फुलणारा तेरडा ओलाव्यावर जगतो. मात्र पाणी साचल्यास त्याचे रसाळ खोड कुजते. म्हणून निचऱ्याची, अर्धसावलीची जागा निवडावी. मृगाच्या सरींनंतर बी वरवर पेरून, रोपे वीतभर अंतराने राखावीत. सुमारे दोन महिन्यांत फुले येतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण त्याच्यावर थोडा अन्यायच करते. बहर कित्येक आठवडे चालतो.

तेरड्याची मुळे ही गौरीची पावले मानली जात असल्याने रानातील रोप बी धरण्यापूर्वीच मुळासकट उपटले जाते. शाळेच्या वा पंचायतीच्या आवारात वाफा केल्यास गौरीसाठी रोपे तेथूनच घेता येतील. काही रोपे मात्र बियांसाठी राखावीत. पक्व बोंड स्पर्श होताच फुटून बी उधळते, यास्तव ते पिवळसर होताच अलगद खुडून कागदी पिशवीत ठेवावे.