गुडघा बदलताना रक्त लागतंच का?

प्रश्न : आईला बरीच वर्षं आमवात आहे. हिमोग्लोबिन 9.8. रक्त चढवतील या धास्तीने ती गुडघ्याचं ऑपरेशनच नको म्हणते. मीही गोंधळले आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, रक्त प्रत्येकाला लागत नाही, हे आईंना आधी सांगा. आमवातात शक्यता जास्त असते खरी. पण त्याचं मोठं कारण आधीपासूनचा अ‍ॅनिमिया. जुनाट सुजेमुळे अंगातलं लोहही नीट वापरलं जात नाही, म्हणून नुसत्या बीट-खजुरावर विसंबू नका. महिनाभर आधी लोहाच्या तपासण्या करा. कमी निघालं तर शिरेतूनही देता येतं. ऑपरेशनवेळी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडने रक्तस्राव बराच घटतो. हिमोग्लोबिन साधारण 8च्या खाली गेलं, तरच बहुधा रक्ताचा विचार होतो, आणि ते एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व ‘क’साठी तपासलेलं असतं. आमवातासाठी चालू असलेली स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट ही औषधं मात्र मनाने अजिबात बंद करू नका.