एकमक्त्याचा करार

विहीर खणावयास दिली आणि दहा हातांवर काळा पाषाण लागला, तर सुरुंगाचा खर्च कोणीं सोसावा, हा तंटा आमच्या वाचकांस नवा नाहीं. मोठ्या कारखान्याच्या उभारणींतही मूळ तंटा हाच असतो.

सामान्य रीतीनें नकाशे एकाचे, यंत्रें दुसऱ्याचीं व बांधकाम तिसऱ्याचें असतें. यंत्र पायावर बसलें नाहीं म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. एकमक्त्यांत हीं तिन्ही कामें एकाच मक्तेदाराच्या शिरावर येतात. रक्कम व मुदत आरंभींच ठरते, आणि ठरलेलें उत्पादन प्रत्यक्ष काढून दाखविल्यावरच कारखाना धन्याच्या ताब्यांत जातो. सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९९९ सालीं अशा कामांसाठीं नमुन्याचा करारनामा प्रसिद्ध केला. त्यांत जमिनींतील अकल्पित अडचणींचा बोजाही मक्तेदारावरच आहे. अर्थात् तो हें फुकट करीत नाहीं. पाषाण लागो वा न लागो, त्याची किंमत रकमेंत आधींच धरलेली असते.

मग धन्यानें निर्धास्त राहावें काय? फिनलंड देशांत ओल्किलुओतो येथील तिसऱ्या अणुवीज संचासाठीं तेथील वीजकंपनीनें २००३ सालीं आरेवा व सीमेन्स ह्या जोडमक्तेदारांशीं सुमारें ३ अब्ज युरोंचा ठोक करार केला. संच २००९ सालीं सुरू व्हावयाचा होता. परंतु बांधकामास हात घातला तेव्हां तपशिलाचे नकाशेच पुरे नव्हते. पायाच्या काँक्रीटापासून तक्रारी निघाल्या. उभय पक्षांनीं लवादापुढें एकमेकांवर दावे लावले. २०१८ सालीं तडजोड होऊन मक्तेदारांनीं ४५ कोटि युरो भरपाई देण्याचें मान्य केलें, आणि नियमित वीज मिळूं लागली ती एप्रिल २०२३ मध्यें! रक्कम बांधलेली होती. गेलेलीं चौदा वर्षें मात्र कोणत्याही कलमानें परत आलीं नाहींत.

एखाद्या सहकारी संस्थेस साखर कारखाना ह्या रीतीनें उभारावयाचा असल्यास सहीपूर्वींच नकाशे व यंत्रांची यादी जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावी. रोज किती ऊस गाळून दाखवावयाचा, किती दिवस, व परीक्षेस साक्षी कोण, हें अंकीं-अक्षरीं लिहावें. हप्ते तारखेवर न देता झालेल्या कामावर द्यावे. सहीनंतर धन्यानें सुचविलेला प्रत्येक फेरफार जादा आकाराचा होतो, हें पंचमंडळींनीं ध्यानांत धरावें. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांची नजर मात्र प्रथम बँकेच्या हमीपत्राच्या अखेरच्या तारखेवर जाते. ती परीक्षेच्या दिवसाच्या बरीच पुढची असावी, व कामाची मुदत वाढविल्यास हमीही त्याच दिवशीं वाढवून घ्यावी.