घरातील पेट्रोल आणि कायदा

प्रश्न : गवत कापण्याच्या यंत्रासाठी मी दहा लिटर पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवतो. परवान्याशिवाय असा साठा करणे गुन्हा आहे, असे शेजारी म्हणतात. खरे काय?
— एक शेतकरी वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांची समजूत अर्धीच खरी आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमान्वये, विक्रीचा हेतू नसल्यास, एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगण्यास परवान्याची आवश्यकता नाही. मात्र ते घट्ट बुचाच्या, २५ लिटरहून मोठ्या नसलेल्या धातूच्या पात्रात, अथवा एक लिटरपर्यंतच्या काचेच्या वा चिनी मातीच्या पात्रात असावे, अशी शर्त असल्याने आपला प्लॅस्टिकचा कॅन बदलणे अगत्याचे आहे. जागाही बदलावी; कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने माळ्यावरून खाली उतरून ती चुलीपर्यंत पोहोचू शकते, सबब साठा राहत्या घरापासून दूर, सावलीच्या, हवेशीर व कुलूपबंद खोपटात ठेवणे श्रेयस्कर. यंत्र निवल्याखेरीज त्यात इंधन भरू नये, आणि दुर्दैवाने भडका उडालाच तर त्यावर पाणी न ओतता कोरडी वाळू टाकावी. तीस लिटरांची मर्यादा ओलांडावयाची झाल्यास मात्र सक्षम अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घ्यावा लागेल. एवढी दक्षता बाळगल्यास आपणांस चिंतेचे कारण नाही.