शोधसुलभता : संकेतस्थळाचा पाया

ग्रंथालयात चुकीच्या कपाटात ठेवला गेलेला ग्रंथ हरवलेल्या ग्रंथासारखाच असतो. तो विकत घेतलेला असतो, दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांकही असतो. परंतु मागणाऱ्या वाचकाच्या हाती मात्र तो पडत नाही. संकेतस्थळावरील पृष्ठांची स्थिती याहून निराळी नाही. बहुसंख्य वाचक एखाद्या पृष्ठापर्यंत पोचतात ते त्याचा पत्ता ठाऊक असतो म्हणून नव्हे, तर शोधयंत्राला प्रश्न विचारून. ज्या पृष्ठाची शोधयंत्राला ओळख पटलेली नाही, ते या वाचकांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

असे असूनही, संकेतस्थळ आधी बांधावे आणि ते शोधात सापडेल अशी व्यवस्था सवडीने करावी, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. घर बांधून झाल्यावर रंग देण्यासारखे हे काम आहे, असे तिच्यामागे गृहीत धरलेले असते. वस्तुतः या कामाचा मोठा भाग रंगाचा नसून पायाचा आहे. तो तसा का आहे, हे समजण्यासाठी शोधयंत्राचे कार्य थोडक्यात पाहिले पाहिजे.

शोधयंत्राचे कार्य

१९९० साली मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी तयार केलेले 'आर्ची' हे इंटरनेटवरील पहिले शोधसाधन मानले जाते. ते केवळ फाइलींची नावे शोधीत असे. १९९४ साली आलेल्या 'वेबक्रॉलर'ने पृष्ठावरील संपूर्ण मजकुराची सूची केली. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्थापन केलेल्या गूगलने कोणत्या पृष्ठाकडे इतर कोणती पृष्ठे दुवे देतात, याचा विचार करून क्रम ठरविण्याची पद्धत रूढ केली.

आजही या कार्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्याकडे जात पृष्ठे गोळा करतो. दुसऱ्या पायरीवर त्या पृष्ठांतील शब्दांची सूची तयार होते. तिसऱ्या पायरीवर, वाचकाने प्रश्न विचारताच, सूचीतून योग्य पृष्ठे निवडून त्यांचा क्रम लावला जातो. जे पृष्ठ पहिल्याच पायरीवर अडले, त्याचा पुढील पायऱ्यांवर विचार होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता समजा, एका जिल्हा ग्रंथालयाला स्वतःचे संकेतस्थळ उभारावयाचे आहे. त्याच्यापुढे सुरुवातीलाच चार निर्णय उभे राहतात.

पहिला निर्णय : पृष्ठांची विभागणी

पहिला प्रश्न असा की, कोणत्या विषयाला स्वतंत्र पृष्ठ द्यावयाचे. सभासदत्वाचे नियम, वेळा, बालविभाग, दुर्मीळ ग्रंथ ही सर्व माहिती एकाच लांबलचक पृष्ठावर कोंबली, तर ते पृष्ठ नेमके कशाविषयी आहे हे यंत्राला ठरविता येत नाही. म्हणून वाचक कोणते प्रश्न विचारतात, याची यादी आधी करावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नाला एक पृष्ठ व त्या पृष्ठाला अर्थवाही मथळा द्यावा. मथळ्यात वाचकांच्या तोंडचे शब्द असावेत. कार्यालयाला 'वाचकसेवा कक्ष' हे नाव प्रिय असले, तरी वाचक 'ग्रंथालयाची वेळ' असेच विचारणार. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधी आहे. तो येथेही तंतोतंत लागू पडतो.

दुसरा निर्णय : पत्ता

प्रत्येक पृष्ठाला एक पत्ता असतो. इतर संकेतस्थळांचे दुवे, वाचकांनी जपून ठेवलेल्या खुणा आणि शोधयंत्राची सूची हे सारे त्या पत्त्याला बांधलेले असते. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच, चांगले पत्ते बदलू नयेत, असे आग्रहाने प्रतिपादन केले होते. पत्ता बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची पाठवणी करणारी, ३०१ या क्रमांकाने ओळखली जाणारी सोय उपलब्ध आहे. परंतु चार हजार पृष्ठांचे पत्ते बदलले, तर चार हजार जोड्या जुळवाव्या लागतात. त्यांतील जी सुटेल, तिच्या वाटेने आलेला वाचक रिकाम्या दारावरून परत जातो. पत्त्यांची पद्धत आरंभीच ठरविण्यास मात्र एक दुपार पुरते.

भारतीय भाषांत येथे आणखी एक विचार करावा लागतो. पत्ता देवनागरीत ठेवता येतो आणि शोधयंत्रांना तो वाचताही येतो; पण त्याची नक्कल करताना देवनागरीतील प्रत्येक चिन्हाची अनेकदा नऊ रोमन चिन्हे होतात. 'ग्रंथालय' या एका शब्दाची त्यामुळे बहात्तर चिन्हे होतात. रोमन की देवनागरी, यांपैकी कोणताही पर्याय घ्यावा. तो पुढे बदलण्याची वेळ येऊ नये, हे महत्त्वाचे.

तिसरा निर्णय : अक्षरांचे स्वरूप

या निर्णयाची किंमत भारतीय भाषांनी प्रत्यक्ष मोजलेली आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी, हिंदी, तमिळ इत्यादी भाषांतील अनेक संकेतस्थळे आपापल्या खास फाँटवर उभी होती. पडद्यावर देवनागरी दिसे. परंतु फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतांक साठविलेले असत आणि फाँट त्यांवर देवनागरीचा केवळ वेष चढवी. माणसाच्या डोळ्याला 'पाऊस' दिसत असताना यंत्राच्या हाती निरर्थक रोमन अक्षरे पडत. साहजिकच कोणी 'पाऊस' शोधला, तर ते पृष्ठ कधीच पुढे येत नसे.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान होते आणि भारत सरकारने २००९ साली ई-शासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून स्वीकारले. तथापि आधी प्रसिद्ध झालेला मजकूर आपोआप बदलला नाही. प्रत्येक फाँटसाठी निराळे रूपांतर करणे आणि जोडाक्षरे तपासणे या श्रमांखाली पुष्कळ जुना मजकूर तसाच पडून राहिला. कागद स्कॅन करून केवळ चित्ररूपाने ठेवणाऱ्या संस्था आज तीच चूक नव्या रूपात करीत आहेत. चित्रातील मजकूर यंत्राला वाचता येईलच, याची खात्री देता येत नाही. नियमावली असो वा ग्रंथसूची, ती युनिकोडमधील खऱ्या मजकुराच्या स्वरूपातच ठेवावी.

चौथा निर्णय : वाटा आणि दारे

क्रॉलर दुव्यांवरून चालतो. शोधचौकटीत शब्द लिहून तो सामान्यतः चौकशी करीत नाही. आपल्या ग्रंथालयाने वीस हजार ग्रंथांची सूची केवळ अशा चौकटीमागे ठेवली, तर ती सूची बाहेरच्या जगाला जवळजवळ अदृश्य राहील. विषयवार व लेखकवार पृष्ठे करून त्यांतून प्रत्येक ग्रंथाच्या नोंदीपर्यंत दुव्यांची वाट घातली, तर हे टळते. याला पूरक म्हणून सर्व पत्त्यांची यादी 'साइटमॅप' या फाइलीत देता येते. ही पद्धत २००५ साली सुरू झाली.

याच्या उलट, शोधयंत्राला दूर ठेवण्याचीही सोय आहे. बांधकाम चालू असताना 'हे पृष्ठ सूचीत घेऊ नये' अशी सूचना लावणे योग्यच होय. पण उद्घाटनाच्या दिवशी ती काढण्याचे राहून जाते, असे वारंवार घडते. म्हणून ती केव्हा व कोणी काढावयाची, हे कामाच्या आराखड्यातच लिहून ठेवावे.

मर्यादा

हे सर्व केल्याने पहिला क्रमांक मिळेलच, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. क्रम लावण्याचे नियम शोधयंत्रे स्वतः ठरवितात आणि ते बदलत राहतात. एकच शब्द पृष्ठावर पन्नास वेळा लिहिण्याच्या क्लृप्त्या तर उलट अंगावर येतात. मजकुराची भाषा सुधारणे, नवी पृष्ठे जोडणे, इतरांशी दुव्यांचे नाते वाढविणे ही कामे पुढेही करता येतात आणि करीत राहावी लागतात. विभागणी, पत्ते, अक्षरे आणि वाटा या चार गोष्टी मात्र अशा आहेत की, नंतर त्या दुरुस्त करणे म्हणजे बहुधा अर्धे संकेतस्थळ पुन्हा बांधणे होय.

खाजगी व्यापाऱ्याचे संकेतस्थळ सापडले नाही, तर त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. सार्वजनिक संस्थेची गोष्ट वेगळी आहे. शिष्यवृत्तीचा नियम किंवा दुर्मीळ ग्रंथाची नोंद बहुधा एकाच ठिकाणी असते. ती सापडली नाही, तर विद्यार्थ्याला जाण्यासाठी दुसरे दुकान नसते. आराखड्याच्या पहिल्या बैठकीतच या विद्यार्थ्याचा विचार व्हावयास हवा.