तिऱ्हाइताची वॉरंटी

गाडीचा भाव ठरला की डीलर तुला आतल्या फायनान्सच्या केबिनमध्ये नेईल. तिथे सगळ्यात जास्त सावध राहा रे. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, हप्ता थोडासाच वाढेल’ असं म्हणतील. हप्ता ऐकू नकोस, पूर्ण रक्कम विचार. दोन-तीन हजार डॉलर सहज निघतात, आणि कर्जात घातले की त्यावर व्याजही आलं. वॉरंटीशिवाय कर्ज मिळणार नाही असं कुणी म्हणालं तर सही न करता ऊठ आणि कर्ज देणाऱ्या बँकेला स्वतः विचार.

आधी पदरात काय आहे ते बघ. टोयोटा-होंडाची मूळ वॉरंटी पूर्ण गाडीला 3 वर्षं किंवा 36,000 मैल, इंजिन-गिअरबॉक्सला 5 वर्षं किंवा 60,000 मैल. जुनी गाडी घेतलीस तरी उरलेली मुदत तुला मिळते. ह्युंदाई-किआची 10 वर्षांची इंजिन वॉरंटी मात्र पहिल्या मालकासाठी असते. जुनी घेणाऱ्याला ती साधारणपणे 5 वर्षं, 60,000 मैलांवर येते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर यांना अमेरिकेच्या केंद्रीय नियमानेच 8 वर्षं किंवा 80,000 मैल संरक्षण आहे. हे आपणहून कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तिऱ्हाईत, म्हणजे गाडी बनवणारी नसलेल्या, कंपनीच्या एक्स्टेंडेड वॉरंटीच्या करारात विकणारा एक, क्लेम मंजूर करणारा दुसरा आणि मागे उभी असलेली विमा कंपनी तिसरी असू शकते. तिघांची नावं कागदावर शोध, कारण विकणारी कंपनी बुडूही शकते. असे करार विकणारी मिसूरीची यूएस फिडेलिस टीव्हीवर झळकायची, 2010 मध्ये दिवाळखोरीत गेली. 2024 मध्ये असेच करार विकणाऱ्या कारशील्डने फेडरल ट्रेड कमिशनशी 1 कोटी डॉलरची तडजोड केली. जाहिरातीत दुरुस्तीचा खर्च भरून मिळेल म्हणतात, पण अनेकांना तो मिळत नाही, असा कमिशनचा आरोप होता.

आणि क्लेम चालतो कसा ते नीट समजून घे, कारण खरी मेख तिथे आहे. गाडी बंद पडली की मेकॅनिकने हात लावण्याआधी कंपनीची मंजुरी घ्यायची. न विचारता काम केलं तर क्लेम बुडाला. मग कंपनी म्हणणार, इंजिन खोलून दोष दाखवा. खोलण्याच्या मजुरीची हमी तू द्यायचीस. दोष कराराच्या आधीचा आहे किंवा ती नेहमीची झीज आहे असं ठरलं, तर ती मजुरी तुझ्याच खिशातून, वर दुरुस्तीही तुझीच. मजुरीच्या दरालाही अनेकदा कमाल मर्यादा असते, वरचा फरक तू भरायचास. ऑइल बदलल्याची एखादी पावती नसली तरी नकाराला निमित्त मिळतं. म्हणून आत्याचं ऐक, पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लाव. मूळ वॉरंटी टिकवायला सर्व्हिसिंग डीलरकडेच करावं लागत नाही, 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ती मुभा दिली आहे. पण केल्याचा पुरावा हवाच.

मला विचारशील तर तिऱ्हाइताची घेऊ नकोस. तेच पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाक. गाडी धड चालली तर ते तुझेच राहतात. गाडी घेण्याआधी डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला दाखव, त्या पैशाला मागेपुढे पाहू नकोस. अचानक मोठा खर्च झेपणारच नाही अशी स्थिती असेल, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची योजना घे. तीच योजना वेगवेगळे डीलर वेगवेगळ्या भावाने विकतात, तेव्हा दोन-चार ठिकाणी विचारून घासाघीस कर. आणि ‘तुमची वॉरंटी संपतेय’ असे फोन आले तर एक अक्षर न बोलता ठेवून दे. 2022 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने (एफसीसी) टेलिफोन कंपन्यांना असे फोन अडवायचा आदेश दिला होता, इतका त्यांचा सुळसुळाट झाला होता.

सही आधीच करून बसला असशील तर आजच करार काढून रद्द करण्याचं कलम वाच. बऱ्याच करारांत पहिल्या 30 किंवा 60 दिवसांत, क्लेम केला नसेल तर, पूर्ण पैसे परत मिळतात. नंतर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात. लेखी अर्ज कर, प्रत ठेव. रक्कम कर्जात घातली असेल तर परतावा बहुधा थेट बँकेकडे जातो. त्याने हप्ता कमी होत नाही, मुद्दल कमी होतं. तेव्हा ते जमा झालं का, हे पुढच्या स्टेटमेंटवर तपास.